आधी आलेल्यांचे देणे



दरवर्षी गणपतीच्या तयारीच्या बैठका सुरू झाल्या की आपल्या देवळात दोन प्रकारची नवी माणसे दिसू लागतात. एक म्हणजे भारतातून नुकतीच एम. एस. करायला आलेली मुलेमुली. दुसरे म्हणजे मुलाला किंवा मुलीला कॉलेजच्या डॉर्ममध्ये सोडून रिकाम्या घरी परतलेले आईवडील. दोघेही सारखेच भांबावलेले असतात. मग आपण जुनी मंडळी त्यांना भरपूर सल्ले देतो. बँकेत खाते कुठे उघडावे, गाडी कुठली घ्यावी, मुलाला किती वेळा फोन करावा, सगळे सांगतो. मीही गेली पंचवीस-सव्वीस वर्षे हेच करत आलो आहे. पण आधी आलेल्या माणसाचे नंतर आलेल्याला खरे देणे कोणते, हा प्रश्न मला पडला तो २०१८ च्या उन्हाळ्यात, आणि तोही माझ्या मुलीमुळे.

मुलीची कॉलेजची दोन वर्षे झाली होती. त्या उन्हाळ्यात तिने एखाद्या प्रयोगशाळेत काम करावे, पुढे मेडिकल स्कूलच्या अर्जात त्याचा उपयोग होईल, अशी माझी इच्छा होती. तिने परस्पर विद्यापीठात 'ओरिएंटेशन लीडर'ची नोकरी धरली. नव्याने दाखल होणाऱ्या मुलांचे बारा-पंधरा जणांचे गट करायचे, त्यांना दोन दिवस कॅम्पस दाखवायचा, ओळखपत्र काढून द्यायचे, विषयांची नोंदणी कशी करायची ते समजावायचे, रात्री खेळ घ्यायचे. मला हे काम फारच किरकोळ वाटले. "अगं, ही तर पाहुण्यांची सरबराई झाली! यात तू शिकणार काय?" असे मी तिला बोललोही. ती काही बोलली नाही.

योगायोग असा की त्याच वर्षी तिचा धाकटा भाऊ त्याच विद्यापीठात निघाला होता. त्यामुळे पालकांच्या ओरिएंटेशनला आम्ही दोघे नवराबायको हजर होतो. दुपारच्या एका सत्रात पाच विद्यार्थी मंचावर बसून पालकांच्या प्रश्नांना उत्तरे देणार होते. त्या पाचांत आमची कन्या होती. मी मागच्या रांगेत बसलो आहे हे तिला माहीत होते.

एका आईने विचारले, "मुलाचे मार्क घसरले तर विद्यापीठ आम्हाला कळवणार ना?" अधिकारी बाईंनी शांतपणे 'फर्पा' नावाचा १९७४ चा कायदा समजावून सांगितला. मूल कॉलेजात गेले की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो, मग त्याचे वय काहीही असो. तो करासाठी पालकांवर अवलंबून असेल तर विद्यापीठाला माहिती देण्याची मुभा आहे, पण तसे बंधन नाही. सभागृहात कुजबुज झाली. फी आम्ही भरायची आणि मार्क मात्र आम्हाला कळायचे नाहीत, हा कुठला न्याय? खरे सांगतो, मीही त्या कुजबुजीत सामील होतो.

मग माझ्या मुलीने माइक हातात घेतला. ती म्हणाली, "पहिल्या सत्रात मला केमिस्ट्री मध्येच सोडावी लागली. पहिल्या परीक्षेतच फार कमी मार्क पडले होते. मी मोफत शिकवणीच्या केंद्रात जायला नोव्हेंबर उजाडू दिला. ते केंद्र ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. तुमच्या मुलांना सांगा, सप्टेंबरमध्येच जा. माझ्या घरी हे अजून माहीत नाही. माझे वडील डॉक्टर आहेत. मला सांगायची लाज वाटली."

माझ्या कानशिलांत रक्त चढले. शेजारी सौ. ने माझा हात घट्ट धरला. आमच्या पोटच्या पोरीचे अपयश आम्हाला दोनशे परक्या माणसांबरोबर कळत होते.

घरी परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी मीच म्हणालो, "परक्यांना सांगितलंस आणि मला नाही?"

ती म्हणाली, "बाबा, तू आयुष्यात कधी नापास झालास का? मला तर एकही गोष्ट माहीत नाही. तुझ्या सगळ्या गोष्टी जिंकण्याच्याच असतात."

हे वाक्य मला लागले, कारण ते खरे होते आणि अर्धवटही होते. तिला माहीत नसलेल्या माझ्या दोन गोष्टी होत्या. त्या आज प्रथमच लिहून काढतो आहे.

पहिली गोष्ट १९८७ ची. आम्ही एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आलो होतो. हॉस्टेलवर नव्या मुलांचे रॅगिंग चाले. ज्युनियरने मान खाली घालून आपल्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे पाहत उभे राहायचे, प्रत्येकाला 'सर' म्हणायचे. एका रात्री खेड्यातून आलेल्या एका मुलाला आम्ही टेबलावर उभे करून इंग्रजीत भाषण करायला लावले. तो अडखळला की सगळे हसत. सर्वांत मोठ्याने मी हसलो असेन, कारण आदल्या वर्षी त्याच टेबलावर मी उभा होतो. आठवड्याभरात त्याने हॉस्टेल सोडले आणि गावात खोली घेऊन तो राहिला. पुढे चार वर्षे कॉरिडॉरमध्ये तो दिसायचा. मी त्याची माफी कधीच मागितली नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये आला, विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशभरासाठीचे नियम २००९ मध्ये आले. पण चूक चूक आहे हे कळायला मला कायद्याची गरज पडायला नको होती.

दुसरी गोष्ट १९९५ ची. इथे येऊन परीक्षा पास झालो होतो. मार्चमध्ये रेसिडेन्सीच्या मॅचचा निकाल लागला आणि मला एकाही रुग्णालयाने घेतले नव्हते. सौ. ची नोकरी होती म्हणून घर चालले. मी वर्षभर एका प्रयोगशाळेत बिनपगारी काम केले. सांगलीला अण्णांना पत्र लिहिले, "जागांचे अजून ठरायचे आहे." पुढच्या वर्षी जागा मिळाली तेव्हा पेढे वाटले. अण्णा निवृत्त शिक्षक होते. शाळेत नापास झालेल्या मुलांना घरी बोलावून फुकट शिकवणारा माणूस! त्यांना सांगितले असते तर ते रागावले नसते. २००३ मध्ये ते गेले, आणि खरे काय ते त्यांना कधीच कळले नाही.

म्हणजे आमच्या घरात अपयश लपवण्याची रीत मुलीने सुरू केली नव्हती. ती तिला वारशाने मिळाली होती.

त्यानंतर मी या प्रश्नाचा बराच विचार केला. आपण सोसलेल्या गोष्टीचे पुढे काय करायचे, याला मला तीन वाटा दिसतात. पहिली, 'मी सोसले, आता तूही सोस.' ही रॅगिंगची वाट. दुसरी, 'मी सोसलेच नाही' असे दाखवायचे. ही आपल्यासारख्या परदेशी स्थिरावलेल्यांची वाट. दोन सुटकेस आणि खिशात थोडे डॉलर घेऊन आल्याची गोष्ट आपण आवडीने सांगतो, पण ती शेवटी विजयाचीच गोष्ट असते. वरवर पाहता पहिली वाट क्रूर आणि दुसरी निरुपद्रवी दिसते. पण दुसऱ्या वाटेनेही मागून येणारा एकटाच पडतो. त्याला वाटते, ठेच फक्त मलाच लागली. तिसरी वाट माझ्या मुलीची. मी इथे अडखळले, दगड इथे आहे, जरा बाजूने जा.

यावर एक रास्त आक्षेप आहे. वाट दाखवणाऱ्याने आपल्याच चुकांचा पाढा वाचला तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवील? शस्त्रक्रियेला निघालेल्या रुग्णाला डॉक्टरने आपल्या जुन्या चुका ऐकवायच्या का? नाही ऐकवायच्या. ती वेळ रुग्णाला धीर देण्याची असते. पण म्हणून चुका कुठेच बोलायच्या नाहीत असे होत नाही. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी आपल्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब मांडला आणि त्यात १२३ चुका झाल्याचे स्वतः छापून प्रसिद्ध केले. सहकाऱ्यांना ते रुचले नाही. आज मात्र मृत्यू आणि गुंतागुंतीच्या केसेसवर डॉक्टरांनी एकत्र बसून उघड चर्चा करणे हा आमच्या शिक्षणाचा नेहमीचा भाग आहे. त्या चर्चेत रेसिडेंट म्हणून बसल्यावर मी जेवढे शिकलो तेवढे यशस्वी केसेसमधून शिकलो नाही. गंमत अशी की रुग्णालयात हे मला पटले होते, ते घरी आणायला मात्र मी विसरलो.

तेव्हा कसोटी अशी लावावी असे मला वाटते. हे मी कोणासाठी सांगतो आहे? माझे मन हलके व्हावे म्हणून, की ऐकणाऱ्याची वाट सोपी व्हावी म्हणून? मुलीचे त्या दिवसाचे बोलणे मी पुन्हा आठवून पाहिले. तिने रडगाणे गायले नव्हते. तिच्या अपयशाच्या गोष्टीत एक पत्ता होता, ग्रंथालयाचा दुसरा मजला. आणि एक तारीख होती, नोव्हेंबर नव्हे, सप्टेंबर. नंतर तिने मला सांगितले की त्यांच्या प्रशिक्षणात हेच शिकवतात. उत्तर माहीत नसेल तर ठोकून देऊ नका, ज्याला माहीत आहे त्याच्या दारापर्यंत त्या मुलाबरोबर चालत जा. वयाच्या विसाव्या वर्षी तिला जे कळले ते मला पन्नाशीत कळले. ज्या कामाला मी सरबराई म्हणालो, त्या कामाने तिला सत्य सांगण्याचे धैर्य दिले. त्या उन्हाळ्यात ती प्रयोगशाळेत गेली असती तर अर्जात एक ओळ वाढली असती आणि घरातले गुपित तसेच राहिले असते.

आपल्या परंपरेत वाटाड्याचे सर्वांत मोठे उदाहरण श्रीकृष्णाचे. त्याने अर्जुनाचा रथ हाकला, पण युद्धात शस्त्र हाती न धरण्याचे ठरवले होते. आणि अठराव्या अध्यायात, सगळे सांगून झाल्यावर, यावर नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असे तो म्हणतो. आपण सल्ला देतो तेव्हा हे शेवटचे वाक्य बहुधा गाळतो.

त्या रात्री घरी पोचल्यावर मी दोन्ही मुलांना जेवणाच्या टेबलाशी बसवले आणि मॅचची गोष्ट सांगितली. रॅगिंगची सांगायला आणखी दोन वर्षे लागली. ती ऐकून मुलगी एवढेच म्हणाली, "त्या मुलाला शोध ना बाबा." अजून मी शोधलेले नाही. हे लिहून झाल्यावर शोधायचे ठरवले आहे.

मंडळाला माझी एक विनंती आहे. यंदा नव्या विद्यार्थ्यांसाठी महाप्रसाद ठेवू, तेव्हा आपण जुन्यांपैकी प्रत्येकाने त्यांना आपली एकतरी फसलेली गोष्ट सांगावी, आणि तिच्या शेवटी एक पत्ता द्यावा. विघ्नहर्त्याच्या दारात आपण आपली विघ्ने लपवून का उभे राहावे?

गणपती बाप्पा मोरया!