तिथीची पाऊणपट

शनिवारी पहाटे साडेचारला डोंबिवलीहून अलिबागला निघालेल्या गाडीत, समजा, पाच माणसं आहेत. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. बेत एका दिवसाचा. नवाच्या आत किनारा गाठायचा, किल्ला बघायचा, दुपारी जेवायचं, चारला परतीची वाट. मुलाच्या मोबाइलमध्ये शनिवार लागून साडेचार तास झालेत. आजीच्या पंचांगात अजून शुक्रवारच चालू आहे, कारण तिचा वार सूर्योदयाला बदलतो. आणि ही मंडळी ज्या गावाला निघालीत तिथल्या ज्यूंच्या इस्रायल आळीत शनिवार आदल्या संध्याकाळी, सूर्य बुडाला तेव्हाच लागलेला. एक गाडी, एक रस्ता, आणि ‘आज’ कुठला यावर तीन मतं.

त्यातून त्या दिवशी संकष्टी आहे. आजीचा उपास.

कोकण किनाऱ्यावर सहल आखणारा देवभोळा असो की नास्तिक, एका जुन्या प्रश्नाशी त्याची गाठ पडतेच. पावित्र्य जागेत असतं की वेळेत? जागेत असेल तर शनिवार काय नि मंगळवार काय, सवड होईल तेव्हा जावं. वेळेत असेल तर शंभर किलोमीटर गाडी हाकायची काही गरज नाही, घरीच देवापुढे दिवा लावावा. घाटावरच्या देवळांत हा वाद निवांत घालता येतो. किनाऱ्यावर त्यात तिसरा एक पक्षकार बोलतो, आणि त्याचा आवाज मोठा आहे.

कुलाबा किल्ल्याचंच घ्या. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० साली, याचं काम सुरू झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून आरमार चालवलं. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. किल्ला किनाऱ्यावरून समोर स्वच्छ दिसतो, पण भरतीला मध्ये समुद्र असतो. ओहोटीला तोच समुद्र बाजूला होतो आणि ओल्या वाळूवरून चालत देवापर्यंत जाता येतं. चपला हातात, पायाखाली वाळूच्या घट्ट वळ्या, खेकड्यांनी बिळांभोवती मांडलेल्या मोहरीएवढ्या गोळ्या, आणि मधूनच घोट्यापर्यंत गार पाणी. घोडागाड्याही याच वाटेनं जातात. त्यांच्या चाकोऱ्या पुढच्या भरतीपर्यंत टिकतात.

ही वाट कधी उघडेल हे कोकणात तिथीवरून काढतात. अमावास्येपासून किंवा पौर्णिमेपासून जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. तितके वाजता भरती. चौथीची पाऊणपट तीन. म्हणजे भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीनला, आणि ओहोटी, कोळी जिला सुकती म्हणतात ती, नवाच्या सुमाराला. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. वेळ सहलीच्या सोयीची, पण अष्टमीला भांग असतो. पाणी ना धड चढत, ना धड उतरत. खोल ओहोटी लागते ती उधाणाला, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि तेव्हा ती सकाळी नाहीतर संध्याकाळी सहाला येते, म्हणजे मुंबईकर अजून गाडीत असतो किंवा पुन्हा गाडीत बसलेला असतो. गणित ढोबळ आहे, हे खरं. शहाण्यानं बंदराचा भरतीचा तक्ता बघूनच पाण्यात पाय घालावा. पण ज्या पिढ्यांकडे तक्ता नव्हता त्यांना उपासाची तिथी आणि समुद्राची वेळ एकाच आकड्यातून कळत होती, आणि हा योगायोग नव्हे. दोन्ही चंद्राच्याच आहेत.

संकष्टीला तर हे फार जवळून दिसतं. या व्रताची तिथी सूर्योदयावरून ठरत नाही; चंद्र उगवताना चतुर्थी असावी लागते. चंद्रोदय होतो रात्री नवाच्या आगेमागे. आणि या किनाऱ्यावर चंद्र क्षितिजाशी असताना समुद्र साधारण ओहोटीच्या तळाशी असतो. गच्चीत उभं राहून ताटात दूर्वा-फुलं घेऊन चंद्राची वाट बघणाऱ्या बायकांना समुद्र दिसत नसतो, पण त्या घटकेला अलिबागच्या गणपतीची वाट खाली मोकळी पडलेली असते. अंधारात तिथे कोणी जात नाही, तो भाग वेगळा.

‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ पार होण्याची जागा, उतार, घाट. जिथून पाणी ओलांडता येतं ते तीर्थ. पुढे अर्थ वाढत वाढत काशी-प्रयागापर्यंत गेला आणि मराठी घरात परत आकसून पळीभर पाण्यावर आला. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचं मोठं समर्थन आहे ते गरिबांच्या बाजूनं: यज्ञ राजाला परवडतो, तीर्थाला पायी कोणीही जाऊ शकतो. उलट वारकरी संतांनी तीर्थातल्या दगडा-पाण्याची भरपूर थट्टा केली. पण वारी त्यांनी सोडली नाही, आणि वारी आषाढी एकादशीचीच राहिली. ‘पुढच्या रविवारी जाऊ, गर्दी कमी असेल’ असं कोणी म्हटलं तर त्याला पंढरपूर दिसेल, वारी घडणार नाही. जागेची थट्टा करणाऱ्यांनी वेळ मात्र मोडली नाही, हे तीर्थांवरच्या वादात सहसा कोणी मोजत नाही.

पुण्याहून ताम्हिणी घाटानं हरिहरेश्वर पावणेदोनशे किलोमीटर. पहाटे निघून रात्री घरी येणारे पुष्कळ. पेशव्यांचं हे कुलदैवत; भट घराण्याचं श्रीवर्धन इथून जवळच. रिवाज असा की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, आणि पुन्हा काळभैरवाचं. इथवर घड्याळाचं काही बिघडत नाही. पण इथली प्रदक्षिणा देवळाला नसून डोंगराला आहे. डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या थेट समुद्रात उतराव्यात तशा खाली जातात, आणि पुढची वाट लाटांनी कोरलेल्या खडकांवरून. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेले ते खडक बघताना माणूस रेंगाळतो. रेंगाळू नये. ही प्रदक्षिणा फक्त ओहोटीची आहे. भरतीला लाट त्या वाटेवर येते आणि तिनं माणसं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. पाट्या आहेत, गावकरी ओरडून सांगतात, तरी ‘एवढ्या लांबून आलोय’ म्हणणारा कोणीतरी असतोच.

त्या वाक्यात एक धर्मशास्त्र दडलेलं आहे आणि ते तपासायला हवं. लांबून येणं हीच किंमत मोजली, आता देवानं आपला वाटा द्यावा, असा तो हिशेब. पायी आलेल्याच्या तोंडी तो एकवेळ शोभतो. वातानुकूलित गाडीतून आलेल्याच्या तोंडी जरा विनोदी वाटतो. म्हणून घाईच्या दर्शनाला हसायचं कारण नाही. दोन मिनिटांत हात जोडून निघणारा कोळी आणि दोन मिनिटांत हात जोडून निघणारा आयटीवाला यांच्या श्रद्धेचं माप वेळेवरून काढता येत नाही. फरक एवढाच की कोळ्याला ठाऊक असतं, दार कोणाच्या हातात आहे.

जागा नसतानाही वेळ सांभाळता येते का? याचं उत्तर याच जिल्ह्यानं कित्येक शतकं दिलं. बेने इस्रायल या ज्यू लोकांची आठवण अशी की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ पाण्यात गेले. जगायला त्यांनी तेलाचे घाणे घेतले आणि आठवड्यातून एक दिवस ते बंद ठेवले. शेजाऱ्यांनी नाव दिलं ‘शनवार तेली’. मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर उभं राहिलं ते १७९६ साली. त्याआधी जवळ ना देऊळ, ना पोथी. हाती होता शब्बाथ, म्हणजे तो शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे नियम, सुंता आणि एक प्रार्थना. अब्राहम जोशुआ हेशेल या ज्यू विचारवंतानं १९५१ साली शब्बाथवर छोटं पुस्तक लिहिलं. ज्यू धर्म जागेपेक्षा काळाला पवित्र करतो, असं त्याचं म्हणणं. कोकणातल्या तेल्यांनी ते घाणा थांबवून कधीच मांडून दाखवलं होतं.

पण गोष्ट इतकी सरळ राहिली नाही, आणि हे बरं झालं. या समाजाला जागाही हवीशी वाटली. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावरच्या खुणा ते एलियाहू हनाबीच्या रथाच्या मानतात. तिथे नवस बोलतात, मलिदा करतात: गोड पोहे, फळं. एलियाहू प्रकटला तो दिवस शवात महिन्याचा पंधरावा, म्हणजे पौर्णिमा, आणि त्याला त्यांनी नाव दिलं ‘एलियाहू हनाबीचा उरूस’. हिब्रू प्रेषित, अरबी-फारसी वळणाचा उरूस, ‘चा’ ही मराठी षष्ठी विभक्ती, नि समुद्राला उधाण. काळावर विसंबून तगलेल्या माणसांनाही शेवटी बोट ठेवायला एक दगड लागला. जागा की वेळ, हा प्रश्न कागदावर जितका टोकदार दिसतो तितका तो राहत्या माणसांत राहत नाही.

सरकारी वेळेचं मात्र निराळंच. घारापुरीची लेणी दर सोमवारी बंद असतात. शंकराचा वार आणि शंकरालाच सुटी. यात कोणाचा दोष नाही, साफसफाईला कुठला तरी वार लागतोच. पण ज्यानं तो ठरवला त्याच्या लेखी सातही वार सारखेच होते, एवढं कळतं. मासेमारीची बंदी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै. पूर्वी होड्या लोटायच्या त्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन, आणि ही पौर्णिमा बहुतेक वेळा ऑगस्टात येते. आता १ ऑगस्टला यांत्रिक नौका बाहेर पडतात, नारळ नंतर वाहिला जातो. बंदी पौर्णिमेपर्यंत लांबवा, असं म्हणणारे मच्छीमार आहेत. त्यांच्या मागणीत श्रद्धा किती आणि खवळलेल्या पाण्याचा अनुभव किती, हे वेगळं करून दाखवणं कठीण आहे.

डोंबिवलीची गाडी वडखळला अडकली. दीड तास वाहनांच्या रांगेत, वीस मिनिटं वड्यांसाठी. आजीनं चहा घेतला. अलिबागच्या वाळूवर पोचायला पावणेअकरा वाजले. ओहोटीचा तळ मागे पडला होता, वाटेवर पाणी पोटऱ्यांपर्यंत आलेलं. घोडागाडीवाला म्हणाला, “आजी, बसा लवकर, पाणी भरतंय. येताना होडी करा.” गेले. सिद्धिविनायकापुढे आजी डोळे मिटून उभी राहिली, धाकटा नातू यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव कोरलेल्या तोफेवर चढला. परत आले होडीनं, आणि जिथून दोन तासांपूर्वी चाकं गेली होती तिथे खाली तळ दिसत नव्हता.

दुपारी ते इस्रायल आळीतून गेले. सुनेला प्रार्थनामंदिर आतून बघायचं होतं; शनिवार असल्यानं बाहेरूनच बघितलं. मुलानं नकाशा उघडला, चारला निघालं तर नवाला घरी, म्हणाला. आजीनं पिशवीतून कालनिर्णय काढून चंद्रोदय पाहिला: नऊ वाजून सात मिनिटं.

“वडखळला पुन्हा अडकलो तर?”

“तर मग पुलावर कुठेतरी थांबव,” आजी म्हणाली. “मोदक डब्यात आहेत. पूर्वेला तोंड करून लाव गाडी.”