'शिशिरागम'चे पुनर्वाचन आणि न्यायाचा प्रश्न

आवडत्या कवीच्या पहिल्या, निराशा करणाऱ्या संग्रहाकडे पुन्हा वळणे हा वरकरणी आस्वादाचा प्रश्न दिसतो. त्यात न्यायाचाही प्रश्न दडलेला आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आले. बा. सी. मर्ढेकरांचा 'शिशिरागम' १९३९ साली प्रसिद्ध झाला आणि 'काही कविता' १९४७ साली. माझ्या पिढीतील बहुतेकांनी मर्ढेकर उलट्या क्रमाने वाचले : आधी यंत्रयुगाची, महानगराची, अभंग-ओवीला नव्या कामाला जुंपणारी कविता आणि मग 'शिशिरागम'. एम.ए.च्या वर्षी तो प्रथम हाती घेतला तेव्हाची निराशा अजून आठवते. विफल प्रीती, हुरहूर, निसर्गाची हळवी साथ आणि बालकवी, माधव जूलियन यांच्या वळणाची शब्दकळा! वहीत मी 'अनुकरण' एवढा एकच शब्द टिपून ठेवला होता.

गेल्या पौषात रत्नागिरीत वर्गासाठी तो पुन्हा वाचला. (कोकणात शिशिर हा पानगळीपेक्षा आंब्याच्या मोहोराचा ऋतू, त्यामुळे या शीर्षकातील विषण्णता येथील विद्यार्थ्यांना मुद्दाम समजावून सांगावी लागते.) पहिल्या वाचनात मी पुढचे मर्ढेकर शोधत होतो आणि ते न सापडल्याने रुसलो होतो. दुसऱ्या वाचनातील मोह निराळा. प्रत्येक ओळीत भावी बंडखोरीचे बीज दिसू लागते. ते सापडतेच, कारण वृक्ष आपण आधीच पाहिलेला असतो. मोहोराचा बहुतांश भाग गळून जातो; ज्या तुऱ्याने फळ धरले त्याच्याविषयीच आपण 'लक्षणे दिसत होती' असे म्हणतो.

हा बीजशोध बाजूला ठेवला तेव्हा हाती आले ते वेगळेच. 'शिशिरागम'मधील कवी दुःख सांगताना स्वतःचा बचाव करीत नाही. पुढे, प्रार्थनेच्या काही कविता वगळल्या तर, त्यांची भावना बहुधा उपरोधाच्या आणि विसंगत प्रतिमांच्या आडून येते. तो आडपडदा येथे नाही. ही उघडी मृदुता पुढील सामर्थ्याचा उगम नव्हे. ते सामर्थ्य कमावताना कवीने सोडून दिलेली गोष्ट आहे. संग्रह त्यामुळे थोर ठरत नाही. बरीच रचना आजही सैल आणि उसनी वाटते. वहीतला तो शब्द मात्र मी खोडला.

येथे मर्ढेकरांचीच सौंदर्यमीमांसा अडचणीची ठरते. संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडताना त्यांनी कलाकृतीचे मूल्य तिच्या घटकांच्या परस्परसंबंधांत शोधले. ही कसोटी लावली तर 'शिशिरागम'ला 'काही कविता'च्या कीर्तीचा आधार घेता येणार नाही. दुसरे वाचन हा सिद्धांत नाकारीत नाही. मी ते ज्या कारणासाठी केले ते कारण मात्र नाकारतो.

वर्गात एका विद्यार्थिनीने नेमके हेच विचारले : हा संग्रह दुसऱ्या कोणाचा असता, तर सर, तुम्ही तो पुन्हा उघडला असता का? प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच होते. त्या काळात अशाच हुरहुरीचे इतरही संग्रह निघाले. त्यांच्या कवींच्या हातून पुढे 'काही कविता' घडली नाही, एवढ्यावरून त्यांचा निकाल लागला. माझ्यापुरते बोलायचे तर तो एका वाचनात, कित्येकदा वाङ्मयेतिहासातील एखाद्या वाक्यावरूनच लागला. आयुष्य अपुरे आहे आणि निवड अटळ आहे, हे मान्य. परंतु अवधान ही मूल्यमापनाची पूर्वअट आहे. ते कीर्तीच्या मापाने वाटायचे आणि वर आपले मूल्यमापन निरपेक्ष असल्याचे सांगायचे, हा व्यवहार मी वीस वर्षे विनातक्रार केला.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून त्या दशकातले दोन संग्रह घरी आणले आहेत. एकाच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर एकही तारीख नाही. त्यातल्या पहिल्या चार कविता वाचून झाल्या. त्या मला आवडल्या नाहीत. पाचवी उद्या वाचेन.