चाक फिरतं राहू दे

गाडी बाजूला घ्या. पाम बीच रस्ता मागे राहिलाय, सारसोळ्याची जेट्टी पुढे आहे. इंजिन बंद करा. वायपरही बंद.

बसा.

काचेवर पहिल्या पावसाचे थेंब आहेत. ओहोटी लागलीय, चिखलाचा खारट वास आत येतोय. तिवरांच्या पलीकडे खाडी. मागून, बेलापूरकडे जाणाऱ्या गाड्यांचा ओल्या रस्त्यावरचा सर्र आवाज.

तो ऐका. तो इंजिनाचा नाही, रबराचा आणि पाण्याचा आहे.

श्वास घ्या. सोडा.

आता लक्ष हळूहळू खाली न्या. सीटच्या खाली, पत्र्याच्या खाली, टायर जिथे रस्त्याला टेकलाय तिथे.

एकेक टायर जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. टनभर वजनाची गाडी, तुम्ही, मागच्या सीटवर झोपलेलं मूल, सगळं अशा चार तळहातांवर आहे.

आपला तळहात मांडीवर ठेवा. बघा त्याच्याकडे.

एवढीच जागा.

इथे थोडं थांबा.

चाक फिरतं तेव्हा या जागेतलं रबर रस्त्याला टेकतं, क्षणभर धरतं, उचललं जातं. टेकतं, धरतं, उचललं जातं. वेग घेणं, वळणं, थांबणं, सगळं त्या धरण्यावर चालतं.

आता मनातल्या मनात ब्रेक दाबा. जोरात. सारसोळ्याच्या सिग्नलला कुणीतरी अचानक आडवं आलंय.

चाक जाम होतं. गाडी मात्र पुढे जातेच आहे. रबराचा तोच एक तुकडा रस्त्यावरून घासत निघतो. महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि सांडलेलं तेल पहिल्या पावसात कालवलं गेलंय. स्टिअरिंग फिरवा. चाकं वळतात, गाडी वळत नाही.

जाम झालेलं चाक ऐकत नाही. फिरणारं ऐकतं.

पुन्हा श्वास घ्या, आणि चाकाच्या मागे या, बेअरिंगपाशी. तिथे एक दातेरी कडं आहे. नव्या गाड्यांत बहुधा चुंबकाचं. त्याच्यासमोर बोटाच्या पेरासारखा छोटा सेन्सर. दोघांत जेमतेम मिलिमीटरभर फट. चाक फिरतं, दाते समोरून सरकतात, दर दात्यागणिक एक ठोका जातो. चारही चाकांचे ठोके बॉनेटखालच्या एका पेटीत पोचतात.

ते ठोके ऐका. चारही सारखे.

एकाचे अचानक विरळ होतात.

पेटी त्या एकाच चाकाकडे जाणारं ब्रेक ऑइल अडवते. तेवढ्यानं भागलं नाही तर दाब सोडते. चाक पुन्हा फिरू लागतं, ठोके परततात, दाब परत चढतो. अडवणं, सोडणं, चढवणं. सेकंदाला दहा-पंधरा वेळा.

तुमच्या पायाला हे कळतं. पेडल थरथरतं, खालून कटकट आवाज येतो.

इथेच माणूस घाबरतो आणि पाय उचलतो. कृपा करून उचलू नका. पूर्वी ड्रायव्हिंग शिकवताना ब्रेक दाबा-सोडा, दाबा-सोडा असं सांगत. एबीएसच्या, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या या यंत्रणेच्या गाडीत ते काम पेटीकडे आहे. पाय घट्ट. नजर मोकळ्या जागेकडे. स्टिअरिंग तिकडे वळवा.

थरथर येऊ द्या. थरथरीत राहा.

बॉशने केलेली ही यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली ती १९७८ साली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. या मधल्या चाळीस वर्षांचा विचार मनात आला की मला जड वाटतं.

तो विचारही येऊ द्या. जाऊ द्या.

आता हात दोन सीटच्या मधे ठेवा, हँडब्रेकच्या जवळ. स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या बऱ्याच गाड्यांत इथेच, आत, आणखी एक सेन्सर असतो. गाडी स्वतःभोवती किती फिरतेय आणि बाजूला किती ढकलली जातेय, ते त्याला कळतं. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा दुसरा सेन्सर सांगतो, तुम्हाला कुठे जायचंय.

दोघांचं जुळतं का? पेटी हेच बघत असते.

डावं वळण. गाडीची मागची बाजू बाहेर सुटू लागते. तुम्ही ब्रेकला पायही लावलेला नाही, आणि पुढचं उजवं चाक, तेवढं एकच, हलकं धरलं जातं. गाडीचं नाक बाहेरच्या बाजूला खेचलं जातं, शेपूट सावरते. उलट, नाकच सरळ निघालं, वळेना, तर मागचं डावं चाक धरलं जातं. इंजिनाचा जोरही उतरतो.

जेट्टीच्या चिखलात एक चाक नुसतं गरगरतं तेव्हा तेच ठोके, तीच पेटी. गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लागतो, जोर घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाकडे जातो. गाडी हलते.

श्वास सोडा.

एक गोष्ट मात्र इथे शांतपणे पाहायची आहे. या पेटीला पकड निर्माण करता येत नाही. रस्ता आणि रबर जेवढी देतात तेवढीच पकड ती वापरते. टायरखाली पाण्याचा थर शिरला, टायर रस्त्याला टेकायचाच थांबला, तर ठोके ऐकूनही तिच्या हाती काही उरत नाही. म्हणून पावसात वेग आपणच कमी ठेवायचा.

चावी फिरवा, इंजिन सुरू न करता. एबीएसचा पिवळा दिवा लागतो, काही क्षणांत विझतो. विझला नाही, तर साधे ब्रेक लागतील, पण ठोके ऐकणारं कुणी नसेल. गाडी गॅरेजला न्या.

आता दार उघडा. भिजलात तरी चालेल. टायरपाशी खाली बसा, बोट नक्षीच्या खाचेत घाला. खाचेच्या तळाशी रबराची एक आडवी पट्टी लागते. तिची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली असेल तर टायर बदलायचा.

चारही टायर बघा. एकेक करून, घाई न करता. मग डिकी उघडा आणि स्टेपनीही बघा.