पाण्याचा कोप आणि माणसाचा हिशेब

प्राचीन ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. हातात त्रिशूळ. तो रागावला की वादळ उठे, धरणी हादरे. होमरच्या 'ओडिसी'त तो आपल्या मुलाचा डोळा फोडणाऱ्या ओडिसियसला वर्षानुवर्षे समुद्रात भटकायला लावतो. गलबत बुडाले की ग्रीकांपाशी उत्तर तयार असे: देव कोपला!

आम्हा पंढरपूरकरांना समुद्र नाही, चंद्रभागा आहे. पुरात पुंडलिकाचे मंदिर पाण्याखाली जाते. तेव्हा कुणी म्हणतो, निसर्ग कोपला. कुणी म्हणतो, अल्लाहची मर्जी. पण 1980 साली उजनी धरण पूर्ण झाले, तेव्हापासून भीमेत पाणी केव्हा, किती सोडायचे हे माणसेही ठरवतात. 14 ऑक्टोबर 2020 रोजी मुसळधार पावसात कुंभार घाटावर नव्या बांधकामाची भिंत कोसळून 6 जण दगावले. पाऊस अल्लाहचा होता. भिंत माणसांची होती.

कुरआनातील सूरह कहफमध्ये अल्लाहचा एक बंदा गरिबांच्या नावेला भोक पाडतो. आपण त्यांना हजरत खिज्र म्हणून ओळखतो. हजरत मूसा गप्प राहण्याचे कबूल करूनही हरकत घेतात. पुढे कळते, जुलमी राजा नावा हिसकावत होता. सदोष नाव तेवढी वाचली.

हे गुपित खिज्रांना ठाऊक होते. तो इल्म आम्हाला दिलेला नाही. म्हणून आमच्या वाट्याला मूसांचा सवाल येतो. तकदीर मानणे हा ईमान आहे. तिच्याआड लपणे नव्हे. सब्र मृतांच्या घरच्यांनी करावा. हिशेब मात्र बांधणाऱ्यांनी द्यावा.