लढाईचा भाव

तापीच्या उत्तरेला, चोपड्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात दोघे भाऊ आईसह एकत्र राहत होते. बाप नुकताच वारला होता. त्याच्या मागे चाळीस बिघे काळी जमीन, दोन बैलजोड्या, अर्धवट खणलेली एक विहीर आणि सावकाराच्या पेटीत पडलेले कर्जाचे एक खत राहिले. बापाला अक्षरओळख नव्हती, म्हणून खताखाली सहीच्या जागी नांगराची निशाणी काढलेली होती. पोरांना त्या खताची सवय होऊन गेली होती. आईला ती कधी झाली नाही.

ही गोष्ट १८६१ नंतरच्या चार-पाच वर्षांतली. तोवर खानदेशच्या कापसाला विलायतेत फारशी किंमत नव्हती. आपला धागा आखूड, शिवाय रुईत कचरा आणि सरकीचे तुकडे. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूसच हवा असे. पण त्या वर्षापासून वारे फिरले. व्यापारी बोंडे फुटायच्या आधीच बांधावर येऊ लागले, उभ्या पिकावर इसार देऊ लागले. घरोघरी सरकी काढायचे रेचे रात्री उशिरापर्यंत कुरकुरू लागले. कापसाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा तापी उतरून पलीकडे जाऊ लागल्या. जळगाव तर याच वर्षांत कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून नावारूपाला आले.

सगळे गाव भाव किती वाढला ते विचारत होते. तो का वाढला, हे फक्त त्या भावांच्या म्हाताऱ्या आईने विचारले. कापूस मोजून घ्यायला आलेल्या अडत्याला ओट्यावर पाणी देत ती म्हणाली, "शेठ, कपाशी तीच, शेत तेच, आम्हीही तेच. मग पैसा एवढा कुठून आला?"

अडत्या मुंबईला जाऊन-येऊन असणारा. त्याने सांगितले, "मायबाई, सातासमुद्रापलीकडे अमेरिका म्हणून देश आहे. तिथली उत्तरेची आणि दक्षिणेची राज्ये आपसात लढताहेत. दक्षिणेत गुलामांच्या कष्टावर कापूस पिकतो. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, त्यामुळे तो कापूस बाहेर पडत नाही. विलायतेच्या गिरण्या बंद पडल्यात, लाखो कामगार उपाशी बसलेत. म्हणून तुमच्या कपाशीला भाव आला."

"म्हणजे एका देशातले भाऊ-भाऊच भांडताहेत ना?"

"तसेच म्हणा."

म्हातारी घटकाभर गप्प राहिली. मग म्हणाली, "दोन पोरांची आई आहे मी. भावांचे भांडण जन्मभर चालत नाही. एक दमतो, नाहीतर हरतो. मग हा भावही घरी जाईल."

थोरल्याला हे बोलणे रुचले नाही. त्याला सगळ्या रानात कपाशी लावायची होती, धाकट्याला निम्म्या रानात ज्वारी हवी होती. बोलाचाली वाढली आणि वाटणीची वेळ आली. पंच बसले. जमीन वाटली, बैल वाटले, भांडी वाटली. शेवटी आई म्हणाली, "मला माझा वाटा द्या. ते खत माझे."

पंच चकित झाले. "माय, कर्ज का कोणी वाट्याला मागतं?"

"मी मागते. फक्त दोघांनी दोन हंगाम कपाशीच्या पैशातला चौथा हिस्सा माझ्याकडे द्यायचा."

थोरल्याला हा सौदा स्वस्त वाटला. त्याने होकार दिला आणि शब्दही पाळला. दुसरा हंगाम संपताच म्हातारी धाकट्याला घेऊन सावकाराच्या दुकानी गेली. रुपये मोजून दिले. "आणखी थोडे दिवस राहू द्या की, घाई कसली?" असे सावकार म्हणाला. ती जागची हलली नाही. त्याने खतावर 'भरून पावलो' असे लिहीपर्यंत ती उंबऱ्याशी बसून राहिली. घरी आल्यावर तिने नांगराच्या त्या निशाणीवरून एकदा बोट फिरवले आणि खत चुलीत घातले.

इकडे थोरल्याचे घर भरभरून वाहत होते. १८६४ साली लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापूस लढाईपूर्वीच्या जवळजवळ चौपट भावाने विकला गेला. त्या दिवसांत खानदेश-वऱ्हाडातल्या हौशी शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवल्या, असे आजही सांगतात. थोरल्यानेही मुलीच्या लग्नात दमणीला तशा धावा बसवल्या. सोनाराने चांदी ठोकून पातळ केली, सुताराने ती चाकावर आवळून बसवली. वरात निघाली तेव्हा लोक नवरीऐवजी चाकांकडे पाहत होते. तापीकाठच्या रस्त्यावरचे दगड मात्र कोणाची श्रीमंती पाहत नाहीत. वरात परत येईपर्यंत चांदीला चरे पडले होते.

लग्न आणि नवी वीस बिघे जमीन, दोन्हींसाठी त्याने नवे खत लिहून दिले होते. सावकार एरवी दहा वेळा विचार करायचा, पण आता आपण होऊन पैसे पुढे करत होता. कपाशीचा भाव हेच तारण झाले होते. सगळ्या रानात कपाशी असल्यामुळे थोरला घरची ज्वारी विकत आणत होता, आणि ज्वारीही महागली होती.

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला. म्हातारीने सांगितल्याप्रमाणे एक भाऊ हरला. भाव कोसळला. कापसाच्या पैशावर मुंबईत शेअरांचा जुगार माजला होता. १ जुलै १८६५ रोजी ते सौदे पुरे करायची वेळ आली आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्या बाजाराचे राजे समजले जाणारे प्रेमचंद रायचंदही त्यातून सुटले नाहीत. बँक ऑफ बॉम्बे खिळखिळी झाली आणि पुढे गुंडाळावी लागली.

थोरल्याचे दुःख मात्र पेढीतल्यासारखे एका दिवसात संपणारे नव्हते. १८५९ च्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षे ठरवली होती. कायदा रयतेच्या भल्यासाठी होता, पण सावकाराने त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावला. तीन वर्षे भरत आली की नवे खत, आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून. तेच थोरल्याच्या वाट्याला आले. आधी नवी जमीन गेली, मग जुनी. चांदीच्या धावा उतरवून विकल्या, तेव्हा घट धरून हाती आले ते घडणावळीइतकेही नव्हते.

धाकट्याने तोवर अर्धवट विहीर पुरी करून मोट चालू केली होती. घरात ज्वारी होती, सावकाराच्या पेटीत त्याचे नाव नव्हते. कपाशी स्वस्त झाली म्हणून त्याचे उत्पन्न घटले, घर मोडले नाही. आईच्या सांगण्यावरून त्याने थोरल्याला परत घरात घेतले. त्याला कोणी टोमणा मारला नाही.

अमेरिकेच्या त्या लढाईने जगाला दोन गोष्टी दिल्या. एक कापसाचा चढा भाव, आणि दुसरी गुलामांची मुक्ती. भाव चार वर्षांत संपला, मुक्ती राहिली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्या म्हातारीला यातले काही ठाऊक नव्हते. पण सुकाळाच्या दोन हंगामांतून तिनेही मुक्तीच विकत घेतली.

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यांतल्या कित्येक कर्जांचे बी तेजीच्या वर्षांत पडले होते. दुष्काळात कर्ज दिसते, पण ते रुजते सुकाळात, कारण तेव्हा देणाराही हात सैल सोडतो आणि घेणाराही.

ही जुनी गोष्ट आज सांगायचे कारण आहे. २०२२ साली कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. पुढच्या हंगामात तोच भाव येईल या आशेने खानदेशात अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला, आणि भाव उतरत गेला. तेव्हा शेतकरी भावांनो, भाव चढला की दोनच कामे आधी करा. तो कशामुळे चढला ते विचारा, आणि पहिला पैसा कर्ज फेडायला द्या. चांगल्या वर्षात जो कर्ज फेडतो, त्याची जमीन वाईट वर्षातही त्याचीच राहते.