भाषणातील आग आणि चौथे शील



दर पौर्णिमेला आपण चौथे शील ग्रहण करतो. खोटे बोलणार नाही, ही ती प्रतिज्ञा. मग घरातील तरुण सभेहून येतो आणि विचारतो, "पुढारी पेटवून देऊ, उलथून टाकू म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी काहीच पेटत नाही. हा शीलभंग नव्हे काय? हे ढोंग नव्हे काय?" हा प्रश्न टाळून चालणार नाही. कारण हाच आरोप परमपूज्य बाबासाहेबांवरही केला जातो आणि उत्तर न सुचल्याने आपली माणसे मान खाली घालतात.

प्रसंग असा. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत आंध्र राज्याच्या विधेयकावर चर्चा चालली होती. अल्पसंख्यांच्या रक्षणासाठी राज्यपालाला अधिकार हवेत, हा बाबासाहेबांचा आग्रह. घटना तुम्हीच केली, असे लोक आपल्याला सारखे ऐकवतात, याचा उल्लेख करून ते संतापाने म्हणाले की, ती जाळायला सर्वांत आधी मीच पुढे येईन. घटना त्यांनी जाळली नाही. मग ते असत्य बोलले काय?

तथागतांनी वाणीचे चार दोष सांगितले आहेत. असत्य, चहाडी, कठोर वचन आणि व्यर्थ बडबड. कठोर वचन हा असत्याहून वेगळा दोष मानला आहे, हे ध्यानात घ्या. असत्य म्हणजे जाणूनबुजून दुसऱ्याची समजूत खोटी करून देणे. उन्हात हुंदडणाऱ्या पोराला आई ओरडते, "घरी ये, तंगडंच मोडते!" पोर काय समजायचे ते बरोबर समजते. तिथे कोणी फसत नाही. (राहुलाला तथागतांनी थट्टेतही खोटे बोलू नकोस म्हणून बजावले, ते मात्र समोरच्याला खरे वाटावे म्हणून केलेल्या थट्टेला लागू आहे.)

पुढे १९ मार्च १९५५ रोजी त्याच सभागृहात एका सदस्याने बाबासाहेबांना त्या वाक्याचा जाब विचारला. मी तसे म्हणालोच नव्हतो, ही पुढाऱ्यांची नेहमीची पळवाट त्यांनी घेतली नाही. घाईत कारण सांगायचे राहिले होते, असे म्हणून त्यांनी ते सांगितले. देवासाठी देऊळ बांधले आणि देव बसण्याआधीच राक्षसांनी ते बळकावले, तर देऊळ पाडण्यावाचून दुसरे काय करायचे? राबवणारे वाईट निघाले तर चांगली घटनाही वाईट ठरेल, हे तर त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत शांतपणे सांगितलेच होते. मत तेच, फक्त ताप वाढला होता. आणि येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी हिंदू म्हणून मरणार नाही असे ते म्हणाले, तेव्हाही ती कोरडी धमकी मानणारे होतेच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झाले, ते तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा.

कठोर शब्द सदैव त्याज्यच काय? देवदत्ताविषयी तथागत कडक बोलले होते. त्यावरून त्यांना पेचात पकडायला अभय राजकुमार आला. त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले, या मुलाने तोंडात खडा घातला तर तू काय करशील? काढीन, रक्त आले तरी काढीन, असे तो म्हणाला. खरे असेल, हिताचे असेल, तर अप्रिय वचनही तथागत योग्य वेळ पाहून बोलतात. म्हणून भाषणात आग किती हे मोजण्यापेक्षा ती कोणाच्या घशातला खडा काढण्यासाठी आहे, हे पाहावे.

उलट ढोंग अत्यंत सभ्य भाषेतही राहू शकते. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. त्या ठरावात शिवी नव्हती, आरोळी नव्हती. पण आपल्या वस्त्या जळल्या आणि बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही नामविस्तार म्हणून.

आता आपल्याच व्यासपीठांविषयी. आपला माणूस म्हणून त्याची प्रत्येक डरकाळी माफ करू नका. न घडलेली गोष्ट घडली म्हणून सांगून जो पोरांच्या हाती दगड देतो आणि स्वतः मोटारीत बसून निघून जातो, त्याचे ते असत्यच. निळा झेंडा मागे असला म्हणून ते सत्य होत नाही. खटला पोरांवर होतो, जामिनासाठी आई मंगळसूत्र विकते.

तेव्हा पुढच्या सभेहून तो तरुण परत आला की त्याला विचारा, हे गृहस्थ कलेक्टर कचेरीत खुर्चीसमोर बसल्यावरही हेच बोलतात काय?