टिटवीचा अपशकुन

मे महिन्यातली सकाळ. कारध्याजवळ वैनगंगेच्या रेतीत उतरलो आणि शंभरेक पावलांतच डोक्यावर टिटव्यांचा आकांत सुरू झाला. एक अंगावर झेपावत होती. दुसरी पुढ्यात धावायची, थांबायची, पुन्हा धावायची. मला भलतीकडे नेण्याचा तिचा डाव होता. काठावर जाळं झटकणारे काका ओरडले, "भाऊ, तिकून नोका जाऊ. पिल्लू हाये."

पिल्लू काही दिसेना. दिसलं तेव्हा ते माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर होतं. लिंबाएवढं, रेतीच्याच रंगाचं, मान भुईला टेकवून निपचित. मानेमागचा पांढरा पट्टा आणि एक उघडा काळा डोळा, एवढाच काय तो जीव. पलीकडे उथळ खळग्यात मातकट, काळ्या डागांची तीन अंडी गारगोट्यांत मिसळून गेलेली. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर पायाखाली काय आलं, हे मला कळलंही नसतं.

काडी नाही, आडोसा नाही, याला घरटं म्हणायचं. पण टिटवीचं सगळं शहाणपण न दिसण्यात आहे. अठ्ठावीसेक दिवस ती अंडी उबवते. ऊन फारच पेटलं की पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. पिल्लू अंड्याबाहेर आलं की काही तासांतच चालू लागतं.

या पक्ष्याला आपण मात्र सतत आपल्याच कामाला जुंपलं. अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस जास्त, नदीपात्रात घातली तर कमी. रात्री ओरडली तर कुणाचं तरी मरण. पंचतंत्रात ती समुद्राशी भांडते. ज्ञानेश्वरांनी तर गीतेवर बोलायला बसताना स्वतःलाच चोचीने सागर मापू पाहणाऱ्या टिटवीच्या जागी ठेवलं. (नम्रतेसाठी एवढा आवाजी पक्षी निवडावा, याची मला गंमत वाटते.) अपशकुनाचं म्हणाल, तर लोक अगदीच चुकले नाहीत. टिटवी ओरडते तेव्हा काहीतरी अशुभ जवळ आलेलं असतंच. फक्त ते तिच्या दिशेने चालत आलेलं असतं. त्या सकाळी ते मी होतो.

आणि मी तर नुसता पायी होतो. पावसाळ्यात रेतीचा उपसा बंद असतो, नदीला तेवढी उसंत मिळते. टिटवीची वीण मात्र ऐन उन्हाळ्यातली, पात्र कोरडं पडून ट्रॅक्टर उतरायच्या दिवसांतली. पिल्लाला जन्मतः येणारी एकच युक्ती म्हणजे जागच्या जागी थिजणं. कावळ्या-घारीसमोर ती चालते. चाकापुढे तीच युक्ती त्याचा घात करते.

फोटो काढायचा मोह झाला. मोबाइल खिशातून अर्धा बाहेरही आला होता. मग आलो होतो त्याच पाऊलखुणांवर पाय देत मागे फिरलो. काकांपर्यंत पोचेस्तोवर आकांत थांबला होता. वळून पाहिलं, तर तिकडे नुसती रेती.